तोरणाचा झगा

“नाव तूच ठेवायचंस,” आई म्हणाली, “आन् तुजंच ठेवायचं.”

मी ओट्यावर बसून लेसच्या फ्रॉकला शेवटची झालर घालत होते. हातातली क्रोशाची सुई दोऱ्यातच थांबली.

“माजं म्हंजे?”

“म्हंजे काय म्हंजे? नकुशा.”

हे तिनं सुपातले हरभरे निवडता निवडता सांगितलं. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, घुगऱ्या करायच्या होत्या, आणि त्या कामाच्या ओघात एका पोरीच्या जन्माचा निकाल लावून ती मोकळी झाली होती. एक किडका हरभरा तिनं अंगणात भिरकावला आणि कोंबडी धावली.

माझ्या भावाला, शहाजीला, तिसरी मुलगी झाली होती. तिसरं बाळंतपण म्हणून त्याच्या बायकोला, मालनला, तिच्या माहेरी न धाडता इथंच ठेवलं होतं. मी साताऱ्याहून आदल्याच दिवशी आले होते. आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. झबलं-टोपडं तिनंच आणायचं, पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि ती सांगत असताना बाकीच्या बाया तिच्या पाठीत बुक्के घालतात. एकदा कानात पडलं की नाव पक्कं. मग ब्रह्मदेव आला तरी ते बदलत नाही.

मी स्वतः आईची तिसरी. दोघी थोरल्या बहिणींच्या पाठीवर मी आले, तेव्हा देवाला निरोप पोचावा म्हणून माझं नाव नकुशा ठेवलं. नकोशी. झालेली नको, पुढची धाडू नको. आणि माझ्या पाठीवर शहाजी झाला. त्यामुळे माझ्या नावाला गुण आला, असं आमच्या त्या माळावरच्या गावात सगळेच धरून चालत. लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत आहे. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायचं. एसटी डेपोतला माझा नवरा बिचारा भला माणूस, अंगठी हातात धरून मला हळूच म्हणाला, “काय लिहू?” मी म्हटलं, “आहे तेच लिहा. ज्यांनी ठेवलंय त्यांना समोर बसून बघू दे.” सासू तोंडाला पदर लावून बसली. आईनं मान फिरवली. पण नाव तेच राहिलं.

ते मी पेललं. पण मी पेललं म्हणून दुसरीच्या कानात ओतायचं, हे मात्र मला पटणारं नव्हतं.

“आये, कशापायी गं?”

“तुज्या पाठीवर शहाजी झाला का न्हाई?”

“झाला.”

“मग? गुनाचं नाव हाय ते. आन् तुज्याच तोंडनं गेलं तर दुप्पट गुन यील.”

मी मान वर करून दाराकडे पाहिलं. चौकटीवर मीच विणलेलं तोरण होतं. साताऱ्याच्या आमच्या चाळीत एका शिवणक्लासच्या बाईंनी मला क्रोशा शिकवला, तेव्हापासून मी तोरणंच तोरणं विणली होती. पांढऱ्या दोऱ्याची चौकोनी जाळी, त्यातले चौकोन भरून काढलेली अक्षरं आणि खाली मण्यांची झालर. गावातलं एक दार माझ्या तोरणाशिवाय नव्हतं.

“आये, आपल्या दारावर काय लिवलंय?”

“सुस्वागतम लिवलंय. मला वाचाया येत न्हाई म्हनून काय म्हाईत बी नसंल व्हय?”

“मग दारावर सुस्वागतम लावायचं, आन् दारातनं आत आलेलीला नकुशा म्हनायचं, ही कुठली रीत?”

“ते पावन्यांसाठी असतं,” आई म्हणाली आणि पुन्हा हरभऱ्यांत बोटं फिरवू लागली.

थोड्या वेळानं तिचं लक्ष माझ्या मांडीवरच्या फ्रॉककडे गेलं. बाळ झाल्याची बातमी आली त्याच दिवशी मी तो विणायला घेतला होता. बारीक पांढरा दोरा, गळ्याशी पाकळ्या, फुग्याच्या इवल्या बाह्या, आणि खाली घेर असा, की उन्हात धरला तर सावलीलासुद्धा नक्षी पडावी. आजवर इतकं नाजूक काम मी कुणासाठी केलं नव्हतं, माझ्या दोन्ही मुलांसाठीसुद्धा नाही.

“आन् ह्यो झगा कशाला?”

“मी आत्या हाय. रिकाम्या हातानं येऊ व्हय?”

“तिसरीला नवं घालत न्हाईत. थोरलींची झबली हायेत गाठुड्यात, त्येच घालायचं. तुज्या अंगावर बी जुनंच व्हतं. असलं नटवलं की वर दिसतं, ह्यांना आवडली म्हनून. मग हायच पुन्यांदा पोरगी.”

“आन् मी नावच ठेवलं न्हाई तर?”

“थोरल्या दोगी यायच्या न्हाईत, तर रखमा हाय की. चुलत असली तरी आत्याच. ती ठेवील.”

रखमा म्हणजे शहाजीची चुलत बहीण, खालच्या आळीला राहायची. स्वभावानं चांगली, पण आईनं सांगितलेल्या नावाऐवजी दुसरं घ्यायची तिची छाती नव्हती. मी रुसून साताऱ्याला निघून गेले असते तर माझा मान राहिला असता आणि पोरीच्या कपाळी नकुशा बसलं असतं. रुसण्यात काही अर्थ नव्हता.

“बरं,” मी म्हटलं. “मीच ठेवते.”

आईचा चेहरा उजळला. मी इतक्या लवकर कधी कुणाचं ऐकत नाही, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. ते आलंही, पण जरा उशिरा.

दिवेलागणीला मी बाळंतिणीच्या खोलीत गेले. मालन बाजेवर बसून बाळाला पाजत होती. खाली शेगडी धुमसत होती, ओव्याच्या धुरीचा वास कोंडला होता. मालन माझ्याहून बरीच लहान. या घरात आल्यापासून तिला मोठ्यानं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

“वन्सं,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुमी खरंच त्येच ठेवनार?”

“येडी का काय तू!”

तिनं इतका मोठा श्वास सोडला, की बाळाच्या तोंडातलं दूध सुटलं.

“मग कुठलं?”

“तू सांग. तुजी लेक हाय.”

“मला न्हाई सुचत. दोगींच्या टायमाला सासूबाईंनीच ठेवली. मला कुनी इचारलंच न्हाई, तवा म्या इचार बी केला न्हाई.”

मग आम्ही दोघी नावं म्हणून बघू लागलो. साताऱ्यातल्या आमच्या चाळीतल्या सगळ्या पोरींची नावं मी एकेक करून सांगितली. मालन प्रत्येक नाव बाळाकडे बघत पुटपुटायची आणि मान हलवायची. चांगली होती सगळी, पण दुसऱ्याच्या चपला घालून बघितल्यासारखं वाटत होतं. एकही पोरीला बसेना.

“सकाळपातुर सुचंल,” मी म्हटलं.

फ्रॉकची शेवटची झालर वीतभर राहिली होती. पण उजेड गेला होता आणि बारीक दोऱ्याचं काम कंदिलाला होत नाही. शेवटचा टाका सुईत तसाच अडकवून मी फ्रॉक पिशवीत घालून ठेवला. क्रोशाच्या कामाला शेवटी दोरा तोडून गाठ मारली की मग ते कुणाच्या बापाला उसवत नाही. पण गाठ मारलेली नसली, तर एक टोक धरून नुसतं ओढत राहायचं, की सगळी मेहनत सुरसुर सुटत जाते. हे मी जाणत होते. आईही जाणत होती, कारण तिच्याच समोर बसून मी कितीदा तरी चुकलेल्या ओळी उसवल्या होत्या.

सकाळी पिशवीत हात घातला तो दोऱ्याच्या गुंड्यावर पडला.

फ्रॉकचा गळा, खांदे आणि बाह्या तेवढ्या शिल्लक होत्या. घेर सगळा गेला होता. बहुतेक म्हैस ओरडली असावी आणि आईला धार काढायला उठावं लागलं असावं, नाहीतर गळाही वाचला नसता. गुंडा मात्र इतका नीट, गोल, घट्ट गुंडाळलेला होता, की दुकानातून आणल्यासारखा दिसत होता.

ती चुलीपाशी चहा पीत होती. मी गुंडा तिच्यापुढे धरला.

“उसवला,” ती म्हणाली. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. “म्याच उसवला. काल लई लवकर ‘बरं’ म्हनलीस, तवाच माज्या मनात पाल चुकचुकली. दोरा वाया जाऊ दिला न्हाई बग. ने, दुसरं काय तरी कर त्याचं.”

“दुसरं काय करू?”

“तोरन कर की येखादं.”

बशीतला चहा संपवून, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन ती बायांना बोलवणं करायला बाहेर पडली. मला रडू आलं नाही. संताप आला. आणि संतापले की माझे हात चांगले चालतात, हा माझा जुना अनुभव आहे. पण नुसते हात चालून भागणार नव्हतं. दिवस कलला की बाया येणार होत्या. नखाएवढ्या जाळ्यांचा तो घेर तेवढ्या वेळात माझ्याच्यानं काय, कुणाच्याच्यानं झाला नसता.

शहाजी परसात तीन दगडांच्या चुलीवर हरभऱ्यांचं पातेलं चढवत होता.

“आईनं झगा उसवला,” मी म्हटलं.

“कळलं.” तो फुंकणीनं जाळ करत राहिला. “आता बारशाच्या दिवशी तंटा नको, आक्का. घालू दे जुनं. पोरीला काय कळतंय?”

“आन् नाव?”

“आई म्हनंल ते.”

“शहाजी, मला हाक मार.”

त्यानं वर पाहिलं. “ऑं? आक्का.”

“आक्का न्हवं. नावानं मार.”

“थोरल्या भैनीला नावानं कशी हाक मारायची?”

“मी सांगतीया न्हवं? मार.”

त्यानं फुंकणी खाली ठेवली. तोंड उघडलं, मिटलं. एक लाकूड उगाच आत सारलं आणि पुन्हा बाहेर ओढलं.

“न्हाई येत तोंडात,” तो म्हणाला.

“जन्मात एकदा मारली न्हाईस. ल्हान हुतास तवा बी न्हाई. बाकीची पोरं नके-नके करत माज्या मागं लागायची, तू त्येंच्याशी मारामाऱ्या करायचास. का?”

“वंगाळ वाटायचं.”

“भैनीला त्या नावानं हाक मारायला वंगाळ वाटतं. मग लेकीला रोज उठून कसा मारशील?”

त्यानं पुन्हा फुंकणी उचलली. धुरानं म्हणा, कशानं म्हणा, त्याचे डोळे लाल झाले होते. त्याच्या उत्तराची वाट बघत मी मागच्या दाराला टेकून उभी होते. तिथून घराच्या आरपार पुढचं दार दिसतं. चौकटीत सकाळचं ऊन भरलं होतं आणि त्या उन्हात माझं तोरण लोंबत होतं. आतून बघितलं की अक्षरं उलटी दिसतात. ती उलटी अक्षरं बघता बघताच माझ्या डोक्यात आलं.

“काय करू सांग,” शहाजी म्हणाला.

“पक्कड आन. आन् स्टूल.”

स्टुलावर तोच चढला. खिळे गंजले होते, एकेक उपटताना चुना ढासळत होता. आई कधीही येईल म्हणून तो सारखा रस्त्याकडे बघत होता, पण थांबला नाही. शेवटचा खिळा काही केल्या निघेना, तेव्हा त्यानं तो तसाच ठेवला आणि तोरण हलकेच सोडवून माझ्या हातात दिलं.

“आक्का, ह्येचं काय करायचं?”

“तू घुगऱ्या बग,” मी म्हटलं.

बाळंतिणीच्या खोलीचं दार मी आतून लावून घेतलं. आधी तोरणाच्या झालरीतले मणी काढले, पोरीच्या तोंडात जायला नकोत म्हणून. मग बाळाच्या न्हाणीचं ऊन पाणी उरलं होतं त्यात ते खसाखसा धुतलं. पाणी काळं झालं. कितीही धुतलं तरी दोरा पांढरा व्हायला तयार नव्हता. धूर आणि धूळ खाऊन त्याला चहाचा रंग चढला होता, तो राहिलाच. शेगडीवर पालथ्या टोपलीवर मी ते सुकत टाकलं.

आणि मग कात्री घेतली. क्रोशाच्या कामाला कात्री लावायची नसते. एक चौकोन कापला की आजूबाजूचे सगळे टाके तोंड उघडून बसतात. पण तोरण आख्खं लावलं असतं तर पोर त्यात गुंडाळली गेली असती. एका बाजूचं पहिलं अक्षर आणि दुसऱ्या बाजूचं शेवटचं अक्षर मी कापून टाकलं. सुटलेला एकेक टाका सुईवर उचलला आणि कडेनं घट्ट खांबांची, म्हणजे उभ्या टाक्यांची, ओळ घातली. मग उरलेला तुकडा पांढऱ्या गळ्याला जोडायला घेतला. दोरा आईनं गुंडाळलेल्या गुंड्यातलाच काढला. पाठीमागं नुसती नाडी ठेवली. बाळ तर उताणंच असणार.

मालन बाळाला मांडीवर घेऊन बघत बसली होती. ती चौथीपर्यंत शाळेत गेलेली होती. शेवटचा टाका घालून, दोरा तोडून मी गाठ मारली, दोनदा मारली आणि झगा बाळाच्या अंगावर धरला. मालननं मधल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“स्वा... ग... त,” तिनं वाचलं. मग बाळाकडे पाहिलं आणि एकदम म्हणाली, “स्वागता.”

“कसं म्हनलीस?”

ती दचकली. “चुकलं व्हय, वन्सं?”

“न्हाई गं. पुन्यांदा म्हन.”

“स्वागता,” मालन म्हणाली. या वेळी तिनं ते पोरीलाच सांगितलं.

ज्या बाईला आजवर कुणी विचारलं नव्हतं, तिनं न विचारता एका दमात आपल्या लेकीचं नाव सांगून टाकलं होतं.

दुपारी आई परतली ती गडबडीत. रोजच्या दाराकडे मान वर करून कोण बघतं? ती सरळ आत आली आणि पाळणा सजवायला लागली. बाया मात्र आल्या त्या दारातच थबकल्या.

“तोरन कुटं गेलं गं, नकुशे?” रखमानं विचारलं.

“धुवाया काढलंय,” मी म्हटलं. खोटं काहीच नव्हतं.

पाळण्याखाली घुगऱ्या ठेवल्या, दिवा लावला. मालन बाळाला दुपट्यात गुंडाळून घेऊन आली. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ करत बाळ पाळण्याखालून-वरून फिरवलं. आईनं गाठुड्यातलं एक विटकं झबलं काढून मालनपुढे धरलं.

“घाल ह्ये.”

मालननं दुपटं उघडलं.

क्षणभर कुणाला काही समजलंच नाही. मग रखमा ओरडली, “अगं बया बया! ह्ये तर दारावरलं तोरन!”

सगळ्या बाया हसत सुटल्या. एकीनं झग्याची कड चिमटीत धरून बघितली. त्यांच्यातल्या निम्म्या जणींना वाचता येत नव्हतं, पण ती अक्षरं त्यांच्या प्रत्येकीच्या दारावर होती, ती कुणाला ओळखू येणार नाहीत? आईनं गर्रकन वळून दाराकडे पाहिलं. चौकटीवर एक गंजका खिळा तेवढा होता.

“काढ ते,” ती मालनला म्हणाली.

“न्हाई,” मालन म्हणाली.

अगदी हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. बायांचं हसणं बंद पडलं. मालनच्या तोंडून ‘न्हाई’ निघालेलं त्या घरानं कधी ऐकलं नव्हतं. खुद्द तिनंही नसावं, कारण म्हणून झाल्यावर ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्या हातातून बाळ घेतलं आणि पाळण्यात ठेवलं.

आई माझ्याजवळ आली. तिचा आवाज खाली आला होता, आणि तिचा आवाज खाली आला की लहानपणी आम्ही तिघी बहिणी कोपऱ्यात दडायचो.

“झगा ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “पर नाव ठरल्यालं घ्यायचं. सांगून ठेवते, नके.”

मी पाळण्यात वाकले. बायांनी माझ्याभोवती कडं केलं. पोरीचा कान फुलाच्या कळीएवढा होता. त्यात मी कुर्रर्र केलं. पाठीत बुक्के सुरू झाले, चेष्टेतले, हसत हसत घातलेले. आणि जे नाव कानात कुजबुजायचं असतं, ते मी सगळ्या घराला ऐकू जाईल असं घेतलं.

“स्वागता!”

पाठीवर एक बुक्का बसला. तो चेष्टेतला नव्हता. वळून बघायची गरजच पडली नाही. लहानपणापासून तो हात माझ्या ओळखीचा होता.

“स्वागता!” मी आणखी मोठ्यानं म्हटलं.

दुसरा बसला, पहिल्याहून जोरात. माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

“स्वागता! स्वागता!”

पोर दचकून रडायला लागली. मी तिच्या दुसऱ्या कानाशी गेले आणि तिथंही सांगितलं. तिसरा बुक्का बसला, पण त्यात आधीच्यासारखा जोर नव्हता.

बारशात पुरुष आत येत नाहीत. बाहेर ओट्यावरून शहाजीचा आवाज आला, “काय ठेवलं, आक्का?”

“स्वागता!”

“मोठ्यानं सांग! हितं मान्सास्नी ऐकू आलं न्हाई!”

मग मालन, रखमा आणि मी अशा तिघींनी मिळून सांगितलं. रखमा कशी आमच्यात आली ते तिचं तिलाच ठाऊक. बाहेर कुणीतरी ते नाव दुसऱ्याला सांगितलं, त्यानं तिसऱ्याला. ते परत गोळा करणं आता आईच्या हातात राहिलं नव्हतं.

ती पाळण्यापासून दूर जाऊन उभी राहिली. घुगऱ्या मात्र तिनंच वाटल्या, एकेकीची ओटी भरभरून. दारात आलेल्या पाहुण्यांना ती कधी रिकाम्या हातानं धाडत नसे.

मालनला पुढं मूल झालं नाही. खरं सांगायचं तर तिनं होऊ दिलं नाही. शहाजीला बरोबर घेऊन ती तालुक्याला गेली आणि ऑपरेशन करून आली. आईला ते कळलं तेव्हा टाकेसुद्धा वाळले होते. माझ्या नावाचा गुण तिथं संपला.

आईनं नातीला नावानं हाक मारली नाही. ‘ए पोरी’ म्हणायची, ‘शहाजीची धाकटी’ म्हणायची, अगदीच अडलं तर नुसत्या टाळ्या वाजवायची. पोर मोठी होत गेली. माहेरचं दार तसंच बोडकं राहिलं. गावात तेवढं एकच दार बिनतोरणाचं होतं. एका दिवाळीला आई मला म्हणाली, “दार उघडं दिसतंय गं. येखादं तोरन कर की.”

“करते,” मी म्हटलं. “नातीला नावानं हाक मार. माज्यासमोर.”

“ऱ्हाऊ दे मग उघडंच,” आई म्हणाली.

हट्ट माझ्यात कुठून आला, हे मला कुणी सांगायला नको.

आणखी काही वर्षांनी मी अशीच गेले होते. आई आणि मी मळ्यात शेंगा तोडत होतो. स्वागता विहिरीपाशी खेळत होती. विहिरीच्या कपारीत पारव्यांची घरटी होती. काय दिसलं कुणास ठाऊक, पोर काठावर पालथी पडून अर्धी आत लोंबकळली.

“स्वागते!”

तो आवाज मी ओळखलाच नाही. आईच्या ओटीतल्या शेंगा सगळ्या मातीत सांडल्या होत्या.

“स्वागते! मागं सर! मागं सर आदी!”

पोर आरामात मागं सरली, उठून उभी राहिली आणि परकराला लागलेली माती झटकत म्हणाली, “काय गं आज्जे? पिल्लं हायेत आत!”

आई मटकन बांधावर बसली. मग तिला आठवलं, मी शेजारीच उभी आहे.

“काय बगतीस?” ती माझ्यावर डाफरली.

“काय न्हाई,” मी म्हटलं आणि खाली बसून शेंगा वेचू लागले.

घरी आल्यावर आईनं फडताळातला पत्र्याचा डबा काढला आणि तळातून त्या उसवलेल्या फ्रॉकचा उरलेला दोऱ्याचा गुंडा बाहेर घेतला. पिवळा पडला होता, पण अजून गोल आणि घट्ट होता. तो तिनं माझ्यापुढे ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “दोरा हाय घरात. इकत आनू नगंस.”

मी तोरण केलं, त्याच दोऱ्याचं. ते लावायला स्टुलावर स्वागता चढली आणि खाली उभी राहून आई तिला नावानं ओरडत होती, डावीकडं वर घे, उजवीकडं खाली घे.

मला मात्र ती शेवटपर्यंत नकेच म्हणाली. मीही ओ देत राहिले, दर खेपेला आधीपेक्षा थोडी मोठ्यानं.